कागदावरची रेघ आणि हातातील कानस

अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षातील एक दुपार. सकाळी गणित आणि भौतिकशास्त्राचे तास संपवून आलेला विद्यार्थी कर्मशाळेत उभा असतो. त्याच्या हाती पोलादाचा एक लहानसा चपटा तुकडा, एक कानस आणि एक गुण्या दिला जातो. काम सांगायला अगदी सोपे असते. तुकड्याच्या शेजारशेजारच्या दोन कडा सपाट कराव्यात आणि त्या एकमेकींशी काटकोनात आणाव्यात. अर्ध्या तासात हे उरकेल, असे त्याला वाटते. प्रत्यक्षात दोन तास जातात, तळहाताला फोड येतात, आणि गुण्या लावून तुकडा उजेडासमोर धरला की कडेखालून प्रकाशाची बारीक फट दिसतच राहते. कानस पुढे-मागे नेताना हात किंचित झुलतो. त्यामुळे कडेची दोन्ही टोके उतरतात आणि मधला भाग फुगीर राहतो. फुगीर भाग घासावा, तर काटकोन बिघडतो. अशा वेळी बहुतेक विद्यार्थ्यांच्या मनात एकच प्रश्न येतो : ज्याला पुढे संगणकावर यंत्रांचे आराखडे काढायचे आहेत, त्याने कानस कशासाठी चालवावी?

हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. तो प्रामाणिक आहे आणि त्याला तितकेच प्रामाणिक उत्तर मिळाले पाहिजे. दुर्दैवाने ते बहुधा मिळत नाही. कर्मशाळेचा तास हा गुणपत्रिकेतील एक सोपस्कार मानला जातो. अनेकदा विद्यार्थी तो तुकडा कर्मशाळेतील कारागिराकडूनच घासून घेतो किंवा आदल्या वर्षीच्या एखाद्या विद्यार्थ्याचा तुकडा पुन्हा सादर करतो. गुण मिळतात, वर्ष पुढे सरकते. पण जे शिकायचे असते, ते मात्र मागेच राहते.

यंत्र अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात दोन विषय विशेष महत्त्वाचे असतात. एक यंत्ररचनेचा आणि दुसरा उत्पादन प्रक्रियांचा. यंत्राचा भाग कोणत्या आकाराचा असावा, त्याची जाडी किती असावी, त्यावर पडणारा भार तो सोसू शकेल का, याचा विचार पहिल्या विषयात होतो. तोच भाग ओतून करायचा की ठोकून, कातून करायचा की जोडून, हे दुसरा विषय शिकवतो. हे दोन्ही विषय वेगवेगळे प्राध्यापक शिकवतात, त्यांची पुस्तके वेगळी असतात आणि परीक्षाही वेगळ्या दिवशी होतात. त्यामुळे विद्यार्थ्याच्या मनातही ते वेगवेगळ्या कप्प्यांत जाऊन बसतात. वस्तुतः ते एकाच प्रश्नाचे दोन भाग आहेत. आराखड्यावर ओढलेली प्रत्येक रेघ ही कोणत्या तरी कारागिराला दिलेली आज्ञा असते. ती पाळता येण्याजोगी आहे की नाही, हे जाणून घेणे हे रेघ ओढणाऱ्याचे पहिले कर्तव्य होय.

ओतकामाचे उदाहरण घेतले, तर हे स्पष्ट होईल. कोल्हापूर, बेळगाव, राजकोट, कोइमतूर, हावडा अशा अनेक ठिकाणी ओतशाळांचा मोठा व्यवसाय आहे. तेथे लाकडाचा किंवा धातूचा नमुना वाळूत दाबून साचा तयार करतात, नमुना अलगद बाहेर काढतात आणि त्या पोकळीत वितळलेले बीड ओततात. बीड ओतताना त्याचे तापमान सुमारे १३०० ते १४०० अंश सेल्सिअस असते. ते थंड होताना आकसते. एक मीटर लांबीचा बिडाचा भाग थंड होईपर्यंत सुमारे १० मिलिमीटरने आखूड होतो. पोलाद असेल, तर सुमारे २० मिलिमीटरने. म्हणून नमुना तयार करणारा सुतार साधी मोजपट्टी वापरत नाही. त्याच्या पट्टीवरील खुणा या आकुंचनाच्या प्रमाणात मुळातच लांबवलेल्या असतात. बीड आणि पोलाद यांसाठी त्याच्याजवळ वेगवेगळ्या पट्ट्या असतात.

पुस्तक वाचून हे कळते. पण ओतशाळेत उभे राहिल्यावर आणखी काही कळते. नमुन्याच्या बाजू अगदी सरळ उभ्या असतील, तर तो वर उचलताना वाळूची भिंत ढासळते. म्हणून त्या बाजूंना एक-दोन अंशांचा उतार द्यावा लागतो. आतला कोपरा धारदार काटकोनी ठेवला, तर धातू थिजताना नेमक्या त्याच जागी तडा जाण्याचा संभव असतो. म्हणून तेथे गोलाई हवी. भागाची एक बाजू जाड आणि दुसरी पातळ ठेवली, तर पातळ बाजू आधी थिजते, जाड बाजू मागाहून थिजते आणि तिच्या पोटात पोकळी राहते. बाहेरून धडधाकट दिसणारा भाग भार पडताच फुटतो. ज्या विद्यार्थ्याने असा फुटलेला भाग हातात घेऊन त्याच्या पोटातील पोकळी पाहिली आहे, तो पुन्हा कधीही विचार न करता जाडी बदलणार नाही. ज्याने ती पाहिलेली नाही, त्याला जाडी ही केवळ सूत्रातून निघालेली एक संख्या वाटते.

मापांची गोष्टही अशीच आहे. २५ मिलिमीटर व्यासाच्या भोकात २५ मिलिमीटर व्यासाचा दांडा फिरवायचा आहे, असे विद्यार्थी सहज लिहून जातो. परंतु कोणतेही यंत्र दर वेळी नेमके २५ मिलिमीटर देत नाही. आणि भोक व दांडा तंतोतंत सारखे निघाले, तर दांडा फिरणारच नाही. म्हणून भोक २५.०० ते २५.०२ मिलिमीटर आणि दांडा २४.९६ ते २४.९८ मिलिमीटर, अशा मर्यादा घालून द्याव्या लागतात. मग दोहोंमध्ये कमीत कमी ०.०२ आणि जास्तीत जास्त ०.०६ मिलिमीटर मोकळीक राहते आणि कोणताही दांडा कोणत्याही भोकात बसतो. शेकडो दांडे आणि शेकडो भोके वेगवेगळ्या कारखान्यांत तयार होऊनही एकमेकांत जुळतात, ते या मर्यादांमुळेच.

मात्र या मर्यादा जितक्या कडक, तितका खर्च अधिक. लेथवर सहज होणाऱ्या कामाला कारण नसताना मिलिमीटरच्या हजाराव्या भागाची अचूकता मागितली, तर ते काम घासकामाच्या यंत्रावर न्यावे लागते, मोजण्यासाठी अधिक सूक्ष्म साधने लागतात आणि खोलीचे तापमानही सांभाळावे लागते. लांबीची औद्योगिक मापे जगभर २० अंश सेल्सिअस तापमानाला धरली जातात. एक मीटर लांबीची पोलादी पट्टी ४० अंशांच्या उन्हाळ्यात जवळजवळ पाव मिलिमीटरने लांब झालेली असते. जो विद्यार्थी काटकोनाच्या फटीशी दोन तास झुंजला आहे, त्याला एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागासाठी किती श्रम पडतात, याची कल्पना असते. आराखड्यावर शून्यापुढे आणखी एक शून्य लिहिताना त्याचा हात क्षणभर थांबतो. तो थांबावा, यासाठीच कर्मशाळा असते.

ही केवळ खर्चाची किंवा सोयीची बाब नाही. १७ जुलै १९८१ रोजी अमेरिकेतील कॅन्सास सिटी या शहरात एका हॉटेलात घडलेली दुर्घटना हेच सांगते. त्या हॉटेलच्या भव्य दालनात दोन पादचारी पूल, एक चौथ्या मजल्याच्या उंचीवर आणि एक त्याच्या बरोबर खाली दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर, छतापासून पोलादी सळ्यांनी टांगलेले होते. त्या संध्याकाळी नृत्याच्या कार्यक्रमासाठी मोठी गर्दी जमली होती. अचानक दोन्ही पूल खाली कोसळले. ११४ माणसे मृत्युमुखी पडली आणि दोनशेहून अधिक जखमी झाली.

चौकशीत जे उघड झाले, ते प्रत्येक अभियंत्याने लक्षात ठेवावे असे आहे. मूळ आराखड्यात छतापासून खालच्या पुलापर्यंत एकच लांब सळई दाखवली होती. ती वरच्या पुलाच्या तुळईतून आरपार जाणार होती आणि दोन्ही पुलांच्या तुळयांखाली नट बसणार होते. कागदावर हे सुटसुटीत दिसते. परंतु वरच्या पुलाखालचा नट सळईच्या खालच्या टोकातून चढवून तिच्या मध्यापर्यंत न्यायचा, तर तेवढ्या सगळ्या लांबीवर आटे पाडावे लागणार. आणि पूल उचलून बसवताना ते आटे खराब होण्याचा धोका राहणार. आटे कसे पाडतात, हे ज्याने एकदा तरी केले आहे, त्याच्या ध्यानात ही अडचण तत्काळ यावी. आराखडा काढताना तिचा विचार झाला नाही. पुढे काम करणाऱ्यांच्या ती ध्यानात आली, तेव्हा त्यांनी सोपा उपाय सुचवला : एका लांब सळईऐवजी दोन आखूड सळया वापरायच्या. एक छतापासून वरच्या पुलापर्यंत आणि दुसरी वरच्या पुलापासून खालच्या पुलापर्यंत.

बदल लहान वाटतो; पण त्याने सारे गणित बदलले. एकाच दोराला दोन माणसे वरखाली लोंबकळत असतील, तर प्रत्येकाच्या हातांवर केवळ स्वतःचाच भार असतो. खालच्याने दोर सोडून वरच्याचे पाय धरले, तर वरच्याच्या हातांवर दोघांचा भार येतो. येथे तेच झाले. वरच्या पुलाच्या तुळईखालील नटावर आता दोन्ही पुलांचा भार आला. मूळ रचनाही नियमांनुसार हवी तितकी मजबूत नव्हती, असे चौकशीत दिसून आले. बदलाने उरलेला आधारही गेला. या बदलाचे गणित पुन्हा कोणी मांडून पाहिले नाही. संबंधित अभियंत्यांचे परवाने पुढे रद्द झाले.

या घटनेत दोष कोणा एकाच्या अडाणीपणाचा नव्हता. ज्याला भार कळत होता, त्याने आट्यांचा विचार केला नाही. ज्याला आटे कळत होते, त्याच्याकडे भाराचा हिशेब नव्हता. दोघांच्या मधली जागा रिकामी राहिली आणि त्या रिकाम्या जागेत ११४ जीव गेले.

यावर आजच्या काळातील एक आक्षेप घेतला जातो. आता संगणकाच्या पडद्यावर भाग रचता येतो, त्यावर किती ताण येईल हे आज्ञावली सांगते आणि संगणक-नियंत्रित यंत्र तो भाग कापून देते. त्रिमितीय मुद्रणाने तर थरावर थर चढवून वस्तू उभी करता येते. मग कानस, ऐरण आणि वाळूचे साचे यांचा काय उपयोग? या आक्षेपात तथ्य आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. अभियंत्याने दिवसभर कानस चालवावी, अशी अपेक्षा कोणीच करत नाही. एका वर्षाच्या कर्मशाळेत कोणी कुशल फिटर होत नाही. ते कौशल्य मिळवायला अनेक वर्षे लागतात. परंतु यंत्र संगणकाच्या आज्ञेने चालले, तरी त्याचे कापणारे हत्यार गोलच फिरते. ते आतला काटेकोर धारदार कोपरा कापू शकत नाही. धातूच्या त्रिमितीय मुद्रणातही लोंबणाऱ्या भागांना आधार द्यावे लागतात आणि ते मागाहून कापून काढावे लागतात. पडद्यावर मात्र कोणताही कोपरा धारदार काढता येतो आणि कोणताही भाग अधांतरी तरंगतो. पडदा अडवत नाही, धातू अडवतो. म्हणून पूर्वी ड्रॉइंगबोर्डावर काम करणाऱ्यापेक्षा आज पडद्यावर काम करणाऱ्याला कर्मशाळेची गरज कमी नसून उलट अधिक आहे.

मग कर्मशाळेविषयी एवढी अनास्था का? महाविद्यालयांतील जुनी यंत्रे, एका यंत्राभोवती उभे राहणारे वीस विद्यार्थी, साहित्याची टंचाई ही कारणे आहेतच. पण मूळ कारण याहून खोल आहे. हाताने काम करणारा खालचा आणि लिहिणारा वरचा, ही समजूत आपल्या समाजात फार जुनी आहे. लोहार, सुतार, तांबट, ओतारी यांच्या पिढ्यान्पिढ्यांच्या ज्ञानाला शाळेच्या पुस्तकात जागा मिळाली नाही. आणि ज्यांना पुस्तक मिळाले, त्यांनी ऐरणीजवळ जाणे कमीपणाचे मानले. महाविद्यालयातही प्राध्यापकांना ‘सर’ म्हणणारा विद्यार्थी कर्मशाळेतील वयोवृद्ध कारागिराला एकेरी हाक मारतो. खरे तर त्या दुपारी त्याला शिकवणारा तोच असतो. ‘बीड’, ‘आटे’, ‘ऐरण’, ‘साचा’ हे शब्द त्या कारागिराच्या बोलीत जिवंत असतात; इंग्रजी पुस्तकावर वाढलेल्या विद्यार्थ्याला ते त्याच्याकडूनच मिळतात.

जिथे ही भिंत पडली, तिथे काय घडू शकते, याची उदाहरणे आपल्या देशातच आहेत. १९६० च्या दशकाच्या अखेरीस जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात अस्थिशल्यचिकित्सक डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी मिळून एक कृत्रिम पाय तयार केला. त्यापूर्वी मिळणारा परदेशी बनावटीचा पाय बुटात घालूनच वापरायचा असे. तो घातलेल्या माणसाला मांडी घालून किंवा उकिडवे बसता येत नसे आणि अनवाणी शेतात जाता येत नसे. पायाच्या सांध्यांना कोणत्या हालचाली लागतात, हे डॉक्टरांना ठाऊक होते. रबर, लाकूड आणि साचा यांतून तसा आकार कसा आणायचा, हे फारसे शालेय शिक्षण नसलेल्या रामचंद्र शर्मा यांना ठाऊक होते. दोघांपैकी एकट्याला जे साधले नसते, ते दोघांना मिळून साधले. पुढे ‘जयपूर फूट’ या नावाने तो पाय जगभर गेला. डॉ. सेठी यांना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. रामचंद्र शर्मा यांचे नाव मात्र तितके लोकांपर्यंत पोहोचले नाही. ही गोष्टही विचार करण्यासारखी आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांच्या बाबतीत हे दोन्ही गुण एकाच माणसात आले होते. १८६९ साली जन्मलेले लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला गेले. रंग ओळखण्यातील दृष्टिदोषामुळे त्यांना रंगांचे काम सोडावे लागले. पण यांत्रिक आरेखन त्यांनी आत्मसात केले आणि पुढे ते शिकवलेही. नंतर बेळगावात त्यांनी सायकलींचे दुकान काढले आणि तेथूनच कडबा कापण्याचे यंत्र व लोखंडी नांगर यांच्या निर्मितीकडे वळले. लोखंडाने जमीन नासेल, या भीतीने शेतकऱ्यांनी प्रारंभी तो नांगर घेतला नाही. तरीही काम थांबले नाही आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. त्यांच्याजवळ अभियांत्रिकीची पदवी नव्हती. रेघ ओढता येणे आणि ती रेघ लोखंडात उतरवता येणे, ही त्यांची पात्रता होती.

या विवेचनाची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. अभियंत्याने कर्मशाळेत उतरले पाहिजे, हे जितके खरे, तितकेच कारागिराने आराखड्यापर्यंत चढले पाहिजे, हेही खरे. एखाद्याची शाळा सातवी-आठवीत सुटते. तो लेथवर कामाला लागतो. दहा वर्षांनी धातू कापताना होणाऱ्या आवाजावरून हत्याराची धार गेल्याचे त्याला कळते. पण नवा आराखडा समोर आला की तो वाचून सांगणारा दुसराच कोणी लागतो. आपण करतो तो भाग यंत्रात कोठे बसणार आहे आणि त्यावर किती भार येणार आहे, हे त्याला कोणी सांगत नाही. तसे झाले, तर आपण सुचवलेल्या लहानशा बदलाचा परिणाम काय होईल, हे त्याला तरी कसे कळावे? कॅन्सास सिटीतील त्या दोन आखूड सळयांचा धडा अभियंत्यांइतकाच कारागिरांसाठीही आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्था, १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यानुसार कारखान्यांत मिळणारे प्रशिक्षण, तंत्रनिकेतने आणि मुक्त शिक्षणाची सोय, हे त्या वर चढणाऱ्या जिन्याचे टप्पे आहेत. त्या जिन्यावर उशिरा पाऊल ठेवणारा माणूस रिकाम्या हाताने येत नाही. महाविद्यालयात जे शिकवणे सर्वांत कठीण जाते, ते त्याच्या हातात आधीच असते. त्याला भूमिती आणि गणित शिकायचे असते. आणि ते वयाच्या तिशीत किंवा चाळिशीतही शिकता येते.

त्यासाठी शिक्षणसंस्थांनीही काही गोष्टी केल्या पाहिजेत. विद्यार्थ्याने जो भाग वर्गात रचला, तोच त्याने कर्मशाळेत घडवावा आणि घडवताना आलेल्या अडचणींनुसार आराखडा दुरुस्त करावा, अशी परीक्षा असावी. त्या परीक्षेत कर्मशाळेतील अनुभवी कारागिरालाही गुण देण्याचा अधिकार असावा. आणि ज्या कामगाराच्या हाती वर्षानुवर्षांचे कौशल्य आहे, त्याच्या कौशल्याची रीतसर नोंद होऊन त्याला पुढच्या शिक्षणात प्रवेश मिळावा.

पहिल्या वर्षातील त्या दुपारी विद्यार्थ्याच्या तुकड्याखालची फट कदाचित पुरती बुजत नाही. शेजारी उभा असलेला कारागीर त्याच्या हातातील कानस घेतो, पाय थोडे अंतर ठेवून रोवतो, कोपर अंगाशी धरतो आणि संथपणे चार हात मारतो. फट नाहीशी होते. ‘जोर हाताचा नको, अंगाचा लावा,’ एवढेच तो सांगतो. विद्यार्थी हे लक्षपूर्वक पाहील आणि त्या कारागिराला आदराने हाक मारील, तर त्याने त्या दिवशी एक महत्त्वाचा धडा घेतला असे म्हणता येईल. आणि त्याच दिवशी आपला आराखडा उघडून तो कसा वाचायचा हे त्याने कारागिराला समजावून दिले, तर तो धडा दोघांचा होईल.